तिसऱ्या उडीला प्रोपेलर घासला, पण चूक तिसऱ्या उडीत नव्हती

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विचारणारी मुलगी सोलापूरचीच आहे, दुसऱ्या जिल्ह्यात फ्लाइंग शिकते, एकूण ३८ तास झालेत, त्यातले ४ सोलो, म्हणजे एकटीने. एप्रिलमधे सकाळी अकराच्या सुमाराला सेसना १७२ घेऊन एकटी सर्किट करत होती, म्हणजे उडायचं, विमानतळाभोवती फेरी मारायची आणि परत उतरायचं. लँडिंगला विमान टेकलं, उसळलं, परत आपटलं, परत उसळलं, आणि तिसऱ्या वेळी नोज व्हील, म्हणजे नाकाखालचं चाक, मोडलं, प्रोपेलर धावपट्टीला लागला आणि विमान डावीकडे कच्च्यात जाऊन थांबलं. तिला खरचटलं सुद्धा नाही. आता घरी आलीय. आई म्हणते बास झालं आता, वडिलांनी कर्ज काढलंय आणि ते काहीच बोलत नाहीत. तिचं म्हणणं असं की "सर, माझं नेमकं काय चुकलं ते कुणी नीट सांगतच नाही, सगळे म्हणतात लँडिंग हार्ड झालं. आणि मी परत उडावं का?"

मी सत्तावीस वर्षं इन्स्ट्रक्टर म्हणून उजव्या सीटवर बसलोय, त्यामुळे जरा लांबलचक लिहिणारे. सवडीने वाच.

सगळ्यात पहिलं, तुझी पाठ दाखवलीस का डॉक्टरांना? खरचटलं नाही म्हणजे लागलं नाही असं नसतं. हार्ड लँडिंगमधे दणका सरळ खालून वर येतो, सीटमधून कमरेच्या मणक्यात, आणि त्या वेळी अंगात इतकी भीती भरलेली असते की दुखणं दोन-चार दिवसांनी जाणवतं. कंबर, मान जराही धरत असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि विमानात काय झालं ते पूर्ण सांग, नुसतं "पडले" म्हणू नको. हे आधी, बाकी सगळं नंतर.

आता काय चुकलं. "लँडिंग हार्ड झालं" हे उत्तरच नाही, ते तर बाहेर उभ्या असलेल्या कुणालाही दिसलं असणार. तू जे लिहिलंयस त्यातच उत्तर आहे, फक्त तुला ते उत्तर वाटलं नाही. तू लिहिलंयस की "इन्स्ट्रक्टर ६५ सांगतात पण स्टॉल व्हायला नको म्हणून मी फायनलला ७५ ठेवते." (बाकीच्यांसाठी: आकडे वेगाचे, नॉटमधे. फायनल म्हणजे उतरण्याआधीची धावपट्टीकडे येणारी शेवटची सरळ वाट, आणि स्टॉल म्हणजे वेग फार कमी झाल्यावर पंखाने विमान उचलून धरणं सोडणं.) या एका वाक्यात तुझा अपघात आहे बघ. तो धावपट्टीवर झालाच नाही, तो मागे फायनलवरच ठरला होता.

आपण सोलापूरकरांना तर हे वेगळं सांगायची गरज नाही. होटगी रोडच्या विमानतळाची धावपट्टी वर्षानुवर्षं होती तिथेच होती, डांबर होतं, कुंपण होतं, आणि तरी विमान येत नव्हतं, कशामुळे तर विमानाच्या वाटेत येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीवरून सगळा वाद. धावपट्टी चांगली असून भागत नाही, तिच्याकडे येणारी वाट मोकळी लागते. २०२३ च्या जूनमधे ती चिमणी पाडली आणि २०२५ च्या जूनमधे गोव्याचं विमान सुरू झालं. चिमणी पाडली ते बरं का वाईट यावर इथे बोलायचं नाही, ज्यांच्या उसाचा आणि पगाराचा प्रश्न होता त्यांचं दुःख खरंच होतं. मला एवढंच म्हणायचंय की ३ अंशाच्या उतारावर येणारं विमान धावपट्टीच्या एक किलोमीटर अलीकडे जेमतेम ५२ मीटर उंचीवर असतं, आणि चाकं टेकायच्या वेळी काय होणार ते तिथपासूनच ठरत येतं. स्पीड किती, उतार किती, ट्रिम लागलाय का (म्हणजे हाताने जोर न लावता विमान ठरल्या स्थितीत राहतंय का), विमान मधल्या रेषेवर आहे का. तिथे सगळं बरोबर असेल तर शेवटचे पाच सेकंद हात थोडे कमीजास्त झाले तरी विमान सांभाळून घेतं. तिथे चुकलेलं असेल तर त्या पाच सेकंदांत तुझ्याकडून कसबी वैमानिकाचं काम होण्याची अपेक्षा असते, आणि ३८ तासांवर ते कुणाकडूनच होत नाही, माझ्याकडूनही झालं नसतं.

७५ आणि ६५ मधे दहाच तर नॉट, असं वाटतं. पण विमानातली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ७५ भागिले ६५, त्याचा वर्ग करून बघ, १.३३ येतं. म्हणजे तू ३३ टक्के जास्त ऊर्जा घेऊन धावपट्टीवर आलीस, आणि ती कुठे तरी जिरायला पाहिजे ना. आता त्यात उन्हाळा घाल. आपल्या पट्ट्यात एप्रिलमधे तापमान ४२ पर्यंत जातं, आणि जमिनीची उंची समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार फूट धर, तर तेवढ्या उंचीवर स्टँडर्ड तापमान १२ असायला हवं आणि आपल्याकडे ३० अंश जास्त. अंगठ्याचा हिशोब लावला, दर अंशाला १२० फूट, तर डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणाच्या हिशोबाने धरलेली उंची, ५ हजार फुटांच्या वर जाते. म्हणजे घड्याळात ६५ दिसत असतानाच विमान हवेतून खरं ७० ने चाललेलं असतं, आणि ७५ दिसत असेल तर ८० च्या वर. वारा पडलेला असेल तर जमिनीवरून तोच वेग. तुला आठवत असेल, त्या दिवशी धावपट्टी नेहमीपेक्षा जोरात अंगावर आल्यासारखी वाटली असेल. तो भास नव्हता, खरंच जोरात येत होती.

आणि तू एकटी होतीस. शेजारची सीट रिकामी म्हणजे सत्तर-ऐंशी किलो कमी. विमान हलकं झालं की स्टॉलचा स्पीड खाली येतो. १७२ एस चं पुस्तक पूर्ण वजनाला, म्हणजे २५५० पौंडाला, फ्लॅप (पंखामागच्या झडपा) खाली असताना ४८ नॉट कॅलिब्रेटेड, म्हणजे काट्याची चूक दुरुस्त केलेला, स्टॉल सांगतं, त्याची १.३ पट म्हणजे ६२, त्यावर तीन नॉट पदरचे टाकून ६५. म्हणजे तुझ्या सरांनी दिलेल्या ६५ मधे सुरक्षिततेचा वाटा आधीच टाकलेला होता. आणि तू इंधन बरंच संपलेल्या विमानात एकटी असशील, वजन २१०० च्या आसपास असेल, तर स्टॉल ४४ च्या खाली गेलेला, म्हणजे ६५ सुद्धा तुला भरपूर होता. त्याच्यावर तू अजून दहा टाकलेस. भाजीत आईने मीठ घातलंय, मग वाढताना आत्याने घातलं, मग ताटात घेतल्यावर तू परत घातलंस, असं झालं ते.

पण तू ७५ का ठेवत होतीस हा प्रश्न मला ७५ पेक्षा महत्त्वाचा वाटतो. तुला स्टॉलची भीती बसलीय. तू लिहिलंयस की पहिल्यांदा स्टॉल दाखवला तेव्हा पंख एकदम एका बाजूला पडला आणि पोटात गोळा आला. हे खूप जणांचं होतं, त्यात कमीपणा काही नाही. पण ती भीती कुणाला न सांगता तू तिच्यावर स्वतःचा इलाज शोधलास, जास्त स्पीड म्हणजे जास्त सेफ. गाडी चालवताना आपल्याला उलटं शिकवलेलं असतं, हळू म्हणजे सेफ. विमानात दोन्ही खोटं, ठरलेला स्पीड सेफ. पाच नॉट कमी असला तरी मी ओरडणार आणि दहा जास्त असला तरी ओरडणार.

आता त्या तीन उड्या बघू, कारण हा भाग समजला नाही तर पुढच्या वेळी हात परत तेच करतील.

जास्त स्पीडने आलीस, तू फ्लेअर केलास, म्हणजे टेकायच्या आधी नाक वर घेतलंस, विमान बसेना. पंखाच्या लांबीएवढ्या उंचीच्या आत, १७२ चे पंख टोकापासून टोकापर्यंत ११ मीटर आहेत, ग्राउंड इफेक्ट सुरू होतो, ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, कमी होतो आणि विमान तरंगत राहतं. धावपट्टी संपत चाललीय, विमान काही बसत नाही, जीव खालीवर होतो, आणि मग माणूस जे करू नये ते करतो, योक, म्हणजे हातातलं स्टिअरिंग, पुढे ढकलून विमान जमिनीवर "बसवायला" बघतो. तू पण तेच केलंस ना? लिहिलं नाहीयेस, पण नोज व्हील आधी टेकलं असं लिहिलंयस, आणि ७० च्या आसपास नोज व्हील आधी टेकायला दुसरं कारण सहसा नसतं.

मेन व्हील, म्हणजे मागची दोन मुख्य चाकं, आधी टेकली तर काय होतं बघ. ती विमानाच्या गुरुत्वमध्याच्या मागे असतात. त्यामुळे ती टेकल्यावर नाक आपोआप खाली येतं, पंखाचा कोन कमी होतो, लिफ्ट कमी होते, विमान जमिनीला धरून बसतं. नोज व्हील आधी टेकलं तर सगळं उलटं. ते गुरुत्वमध्याच्या पुढे, त्याने दणका खाल्ला की नाक वर फेकलं जातं, पंखाचा कोन वाढतो, आणि उडण्याएवढा स्पीड तर तुझ्याकडे होताच, म्हणजे विमान परत उडालं. ही तुझी पहिली उडी. ती तुला फार उंच वाटली असेल पण बहुतेक वेळा ती तीन-चार फुटांचीच असते. मग तू घाबरून नाक खाली दाबलंस. पण तुझ्या हाताचा परिणाम होईपर्यंत विमान स्वतःहून खाली यायलाच लागलेलं होतं, म्हणजे पडणाऱ्याला तू वरून धक्का दिलास. दुसऱ्यांदा नोज व्हील जास्त जोरात आपटलं, नाक अजून वर गेलं, तू अजून जोरात दाबलंस.

गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर पाळणा बघितलायस ना, लहान पोरांचा हाताने ढकलायचा. तो ढकलणारा माणूस जोर कमीच लावतो, पण बरोबर वेळेला लावतो म्हणून झोका चढत जातो. तुझे हात नेमके तेच करत होते, झोका थांबवायला गेलेले हात वेळ चुकल्यामुळे झोका चढवत होते. याला पॉर्पॉइझिंग म्हणतात. एक उडी म्हणजे सेकंद-दीड सेकंद, आणि बघून, समजून, हात हलवायला माणसाला जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणून योक मागेपुढे करून ती उडी "पकडता" येत नाही. मला पण येत नाही. जगात कुठलाही इन्स्ट्रक्टर सांगेल, दुसऱ्या उडीनंतर हाताने सुधारायला जाऊ नका. आणि १७२ च्या प्रोपेलरचं टोक जमिनीपासून फूटभर सुद्धा वर नसतं, नोज गिअर थोडा दबला, चाक मोडलं, की ते लागणारच.

मग करायचं काय होतं? गो अराउंड, म्हणजे लँडिंग सोडून परत वर जायचं. पहिली उडी झाली की त्या क्षणी लँडिंग संपलं, असं डोक्यात पक्कं करायचं. फुल थ्रॉटल, म्हणजे इंजिनची पूर्ण पॉवर, नाक क्षितिजावर धरायचं, फार वर नाही, उजवा पाय दाबायचा, फ्लॅप २० वर घ्यायचे, स्पीड ५५-६० ला आला की चढायला लागायचं, आणि बाकीचे फ्लॅप नंतर हळूहळू. बोलणं सगळ्यात शेवटी. एटीसीला, म्हणजे टॉवरला, सांगायचं राहिलं तरी चालतं, थ्रॉटल राहिला तर चालत नाही. (छोटी, एखाद फुटाची उडी असेल आणि धावपट्टी भरपूर असेल तर नाक लँडिंगच्या स्थितीत धरून, थोडी पॉवर देऊन परत बसवता येतं, पण ते तुला आत्ता नको. तुझ्यासाठी उडी म्हणजे गो अराउंड, विषय संपला.)

उजव्या पायाचं मुद्दाम सांगतोय. तू लिहिलंयस की विमान डावीकडे गेलं आणि "का गेलं माहीत नाही." मला वाटतं तिसऱ्या उडीच्या आधी तू थ्रॉटल थोडा तरी पुढे केला होतास. नाक वर, स्पीड कमी, पॉवर जास्त, अशा वेळी हे इंजिन विमानाला डावीकडे खेचतं आणि उजवा रडर, म्हणजे उजवा पाय, दिला नाही तर विमान धावपट्टीच्या डाव्या कडेकडे निघतं. शिकाऊ मुलांचे गो अराउंडमधले अपघात बरेचसे असेच होतात, डाव्या बाजूला. म्हणजे तुझ्या हाताला गो अराउंड करायचं सुचलं होतं, फक्त उशिरा आणि अर्धवट. हे खरं का ते तपासता येतं, खाली सांगतो.

आता माझ्याकडची एक गोष्ट सांगतो. ही मी सहसा लिहीत नाही.

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. माझा एक विद्यार्थी, हुशार, शांत, तिसरा सोलो. सॉर्टी, म्हणजे उड्डाण, सकाळी साडेसातची होती. विमानाचा टायर बदलायचा निघाला, त्यात वेळ गेला, आणि अकरा वाजले. चहूबाजूला रानं नांगरून उघडी पडलेली, काळी जमीन तव्यासारखी तापलेली, आणि पश्चिमेकडच्या रानातून एक वावटळ उठून बांधापर्यंत येऊन विरलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली. मला त्याला म्हणायला पाहिजे होतं की बाळा, आज राहू दे, उद्या सकाळी. पण तो चार दिवस थांबलेला, तयार होऊन बसलेला, आणि मी म्हटलं जा. मी हातातला रेडिओ घेऊन धावपट्टीच्या कडेला उभा होतो. पहिल्या उडीला मी बटन दाबायला अंगठा उचलला. दुसऱ्या उडीला माझ्या तोंडातून "गो" एवढंच बाहेर पडलं. तिसऱ्यांदा जो आवाज झाला तो सांगता येत नाही, पत्र्याच्या शटरवर कुणीतरी लोखंडी सळई फिरवावी तसा, टर्रर्र, आणि मग एकदम शांत. मी पळत गेलो तर पोरगा पट्टा सोडून पंखाखाली उभा होता, आणि पहिलं वाक्य काय म्हणाला तर "सर, सॉरी, विमान." मी त्याला मिठी मारली. दोघंही थरथरत होतो.

त्याच्या रिपोर्टवर चूक त्याची लागली. कागदोपत्री ते बरोबरच होतं, विमान त्याच्या हातात होतं. पण मी घरी येऊन माझी वही काढली. त्याला मी गो अराउंड किती वेळा करायला लावलं होतं? दोनदा. दोन्ही वेळा पाचशे फुटांवरून, आधी सांगून. फ्लेअरमधून, धावपट्टीवर तीन फुटांवर असताना, एकदाही नाही. उडी मारून तर नाहीच. म्हणजे जी गोष्ट त्याला त्या दिवशी लागणार होती ती मी शिकवलीच नव्हती, आणि ज्या वेळेला पाठवायला नको होतं त्या वेळेला पाठवलं. त्याची चूक शेवटच्या दहा सेकंदांची, माझी आधीच्या दोन महिन्यांची. तेव्हापासून माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याला सोलो सोडायच्या आधी मी उडी मारलेल्या विमानातून गो अराउंड किमान सहा-सात वेळा करून घेतो, उडी मी स्वतः मारून देतो. आणि एप्रिल-मेमधे नऊच्या पुढे नवा सोलो नाही, टायर बदलायचा असो नाहीतर काहीही असो.

म्हणून तुला विचारतो, तुझ्याकडून किती वेळा करून घेतलं होतं? तुझ्या शाळेला नावं ठेवायला नाही विचारत, मला त्यांची बाजू माहीत नाही. पण लॉगबुक आणि ट्रेनिंग रेकॉर्ड काढून बघ. कमी असेल तर ती तुझ्या अंगातली खोट नाही, ते राहून गेलेलं शिक्षण आहे, आणि राहून गेलेलं शिकता येतं.

अजून एक कारण असतं, ते कुणी लिहीत नाही. पैसे. सॉर्टीचा तास हजारो रुपयांचा. कर्ज काढून शिकणाऱ्या पोरांच्या डोक्यात असतं की गो अराउंड केला म्हणजे एक सर्किट वाया, आणि डिस्पर्सलवर, म्हणजे विमानं उभी करतात तिथे, सगळे बघतायत. वडील काही बोलत नाहीत म्हणालीस, मला वाटतं तू त्या कर्जाचं ओझं घेऊन फायनलवर बसतेस. अगं, कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात आणि गो अराउंडमधला प्रत्येक मिनिट त्याच लॉगबुकात लिहिला जातो. वाया काहीच जात नाही. हा परिच्छेद वडिलांना वाचून दाखव. आणि त्यांना माझ्याकडून सांग की साहेब, पोरीला एकदा तोंडाने म्हणा, की पैशाचं मी बघतो, तुला वाटेल तितक्या वेळा परत वर जा. तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ ती भलताच लावून घेतेय.

चौकशीबद्दल तू घाबरून विचारलंयस. आपल्याकडे विमान अपघातांच्या तपासाला एएआयबी ही सरकारी तपास संस्था आहे, २०१२ पासून, आणि लायसन्स वगैरे डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे. तपासाचा नियम आंतरराष्ट्रीय आहे, अॅनेक्स १३, त्यात स्पष्ट लिहिलंय की तपास पुढचा अपघात टाळण्यासाठी आहे, दोष किंवा जबाबदारी वाटण्यासाठी नाही. तुझं स्टेटमेंट स्वतःच्या शब्दांत दे. ७५ ठेवला होता तर ७५ लिही. ढकललं होतंस तर ढकललं लिही. कुणी म्हणेल "अचानक वारा आला असं लिही", तर नको. एक खोटं वाक्य लिहिलंस की ते आयुष्यभर आठवत ठेवावं लागतं. उद्या एअरलाइनच्या फॉर्मवर अपघाताचा कॉलम आला तर तिथे सुद्धा खरं लिही आणि त्यातून काय शिकलीस ते दोन ओळींत सांगता आलं पाहिजे.

आणि हो, एक गोष्ट तू बरोबर केलीस ती तू सहज एका ओळीत उरकलीस. विमान थांबल्यावर मिक्स्चर, फ्युएल, मॅग्नेटो, मास्टर, सगळं बंद करून बाहेर आलीस. असा दणका खाल्ल्यावर बऱ्याच जणांना पट्ट्याचं बक्कल सापडत नाही. तुझं डोकं चालू होतं.

परत उडावं का? मला तुझा चेहरा माहीत नाही, हात बघितले नाहीत, त्यामुळे हो म्हणून मोकळा होणार नाही. पण तू जे लिहिलंयस त्यात मला असं काही दिसत नाही की ज्यासाठी सोडावं लागेल. "कुणी नीट सांगत नाही" म्हणून तुला राग आलाय, तो राग मला आवडला. आईचं म्हणणं उडवून लावू नको, तिला भीती वाटणार नाही तर कुणाला वाटणार. तिला "काही होत नाही" असं म्हणू नको, होतं ते तिने बघितलंय. तिला सांग की काय झालं, का झालं आणि परत होऊ नये म्हणून मी काय करणारे. वाटल्यास झोका आणि मिठाचं उदाहरण दे.

करायचं ते असं. पहिल्या दिवशी लँडिंग करूच नको. इन्स्ट्रक्टरबरोबर सकाळी लवकर, जमिनीपासून तीन हजार फूट वर, आणि स्लो फ्लाइट. स्टॉलचा भोंगा वाजवत ठेवायचा आणि त्याच आवाजात वळणं घ्यायची. १७२ मधे तो भोंगा स्टॉलच्या पाच ते दहा नॉट आधीच वाजतो, म्हणजे तो "पडलीस" म्हणत नाही, "बघ हं" म्हणतो. अर्धा-पाऊण तास त्या आवाजात काढलास की ७५ ची गरज आपोआप जाईल, मी कितीही लिहिलं तरी त्याने जाणार नाही. मग स्टॉल, पण आधी सरांना मोकळेपणाने सांगायचं की मला याची भीती वाटते. दुसऱ्या दिवशी फक्त गो अराउंड, आधी दोनशे फुटांवरून, मग पन्नास, मग फ्लेअरमधून. मग धावपट्टीच्या मधल्या रेषेवरून तीन-चार फुटांवर लँडिंग न करता पॉवर धरून शेवटपर्यंत उडत जायचं. यात नजर कुठे असते ते कळतं. तू नाकासमोरची जमीन बघत असणार, तिथे बघितलं की जमीन धावून येते आणि हात दचकतात. नजर धावपट्टीच्या लांबच्या टोकाला गेली पाहिजे. त्यानंतर सरांनी मारून दिलेल्या उड्या. आणि मग लँडिंग, ६५ वर, आणि ट्रिम असा की योक दोन बोटांत मावला पाहिजे. फायनलवर ७० च्या वर काटा दिसला आणि तीनशे फुटांपर्यंत आवरला नाही तर तिथूनच वर. सोलो परत कधी, ते तू ठरवायचं नाही आणि सीएफआयने, म्हणजे शाळेच्या मुख्य इन्स्ट्रक्टरने, पण कॅलेंडर बघून ठरवायचं नाही, सलग दोन-तीन दिवस हे सगळं न सांगता झालं की मग.

विमान उभं असताना कॉकपिटमधे दहा मिनिटं नुसती बसत जा रोज. चाकांवर उभं असताना क्षितिज काचेत कुठे येतं ते डोळ्यांत भरू दे, लँडिंगच्या शेवटी नाक त्याच्या थोडं वर दिसायला पाहिजे. याला पैसे पडत नाहीत.

आता ते तपासायचं सांगितलं होतं ते. तुझ्याकडे विमानाचे फोटो असतील, मोबाइलवर कुणीतरी काढलेच असतील. प्रोपेलरची टोकं बघ. साधारणपणे इंजिन जोरात असताना पातं जमिनीला लागलं तर टोक पुढे वळतं, इंजिन आयडलला, म्हणजे अगदी मंद, असेल तर मागे वाकतं. आणि धावपट्टीवर पात्यांनी मारलेल्या आडव्या चिरा असतील, त्यांच्यातलं अंतर मोजलेलं असेल तर अजून पक्कं कळतं. पाती दोन, आरपीएम २४०० असेल तर सेकंदाला ८० घाव, आणि विमान ५० नॉटने चाललेलं असेल तर दोन चिरांमधे साधारण ३२ सेंटिमीटर. आरपीएम १००० असेल तर तेच अंतर पाऊण मीटरच्या पुढे. मी त्या पोराच्या वेळी धावपट्टीवर उकिडवा बसून टेपने मोजलं होतं, हाताला डांबर लागत होतं, आणि पहिल्या चार चिरांमधे ३० ते ३५ सेंटिमीटर भरलं होतं. म्हणजे त्याने थ्रॉटल पूर्ण पुढे केला होता. त्याला स्वतःला आठवत नव्हतं, तो म्हणत होता मी काहीच केलं नाही.

सुट्टीत सोलापुरात आहेस तोवर विजापूर रोडला माझ्याकडे येऊन जा, संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असतो, आईवडिलांना पण आण. येताना लॉगबुक आण, फोटो आण आणि चिरांचं अंतर कुणी मोजलं असेल तर तो आकडा आण. त्या पोराच्या विमानाच्या पात्याचं वाकलेलं टोक माझ्या कपाटात आहे. ते कुठल्या बाजूला वळलंय ते तू हातात घेऊन बघ, मग आपण तुझा फोटो बघू.